बिलाचा प्रोग्रॅम बदलला, चाचण्यांचे काय?

आपल्या अनेक व्यापारी बंधूंच्या दुकानात वहीची जागा आता संगणकाच्या बिलाने घेतली आहे. असा प्रोग्रॅम चांगला कारागीर बनवतो तेव्हा सोबत चाचण्याही लिहितो. चाचणी म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेले उदाहरण. प्रोग्रॅममध्ये काही बदल केला की संगणक ही सारी उदाहरणे आपोआप सोडवून पाहतो आणि उत्तर जुळले नाही तर इशारा देतो.

परंतु नियम बदलला की चाचण्याही सांभाळाव्या लागतात. पादत्राणांचेच पाहू. पूर्वी १,००० रुपयांपर्यंतच्या जोडावर १२ टक्के व त्यावरील जोडावर १८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के व त्यापुढे १८ टक्के झाला. कराशिवाय १,५०० रुपयांच्या जोडाचे बिल १,७७० वरून १,५७५ वर आले. साहजिकच जुनी चाचणी नापास होते. अशा वेळी घाईत संगणकाने दिलेला आकडाच चाचणीत भरला, तर ती चाचणी प्रोग्रॅमचीच री ओढते. मग चूक कोण पकडणार?

म्हणून आम्ही चार गोष्टी सुचवतो.

१. नवे उत्तर सरकारी अधिसूचना पाहून कागदावर काढावे, चाचणीत लिहावे आणि मगच प्रोग्रॅम बदलावा.

२. जुनी चाचणी पुसू नये, तिला तारीख द्यावी. आधी विकून बिल केलेला माल परत आला, तर क्रेडिट नोट जुन्याच दराने, म्हणजे १,७७० ची निघाली पाहिजे.

३. सीमेवरची किंमत जरूर तपासावी. २,५०० च्या जोडाचे बिल २,६२५ रुपये, तर २,५०१ च्या जोडाचे २,९५१ रुपये १८ पैसे.

४. हिशेबाची चाचणी पडद्यावरील बटणांवर अवलंबून ठेवू नये. नाहीतर बटणाचे नाव बदलले तरी ती नापास होते आणि लोक इशाऱ्याकडे दुर्लक्ष करू लागतात.

आपल्याला प्रोग्रॅम लिहिता येत नसेल, तरी कारागिराला एवढे अवश्य विचारावे: "दर बदलला तेव्हा चाचणीतला आकडा कुठून घेतला?" माप-तोलात कमी करणाऱ्यांना कुरआनने सूरह मुतफ्फिफीनमध्ये सक्त ताकीद दिली आहे. तराजू आज संगणकात असला, तरी ग्राहकाकडून जास्त घेतलेल्या पैशाचा जाब दुकानदारालाच द्यावा लागेल.