बंबाच्या जागी सोलर: नळी, पत्रा आणि खर्च

नरडाण्याला नवं घर बांधताना एखादा परदेशात राहून आलेला मुलगा विचारतो, फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या टाकून घ्यायच्या का? सरळ उत्तर : नको. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा कधी कधी दहाच्या खाली येतो खरा, पण दुपारी तिशीकडे झुकतो. चार पहाटांसाठी अख्ख्या फरशीखाली नळ्या टाकण्यात अर्थ नाही. लेहला ते शोभतं. आपल्याकडे गरम पाणी लागतं ते अंघोळीला, आणि पऱ्हाटीवर बंब पेटवणारी घरंही आता गच्चीवर सोलर बसवू लागली आहेत. कुठली नळी, कुठला पत्रा, हा प्रश्न खरा तिथे आहे.

आधी हिशेब. 100 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर न्यायला साधारण 4 युनिट वीज लागते. हिवाळ्याचे चार महिने रोज तेवढं पाणी गिझरवर तापवलं तर 480 युनिट. सगळे आकार धरून युनिटला 10 रुपये पकडा. वर्षाचे 4,800 झाले. 100 लिटरचा काचनळ्यांचा संच, म्हणजे ईटीसी, बसवून ढोबळ 18 ते 25 हजारांत पडतो. तांब्याच्या नळ्या-पत्र्याचा एफपीसी 28 ते 40 हजारांत. पहिला चार-पाच वर्षांत फिटतो, दुसरा सहा ते आठ. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान विजेच्या पॅनेलला आहे, पाणी तापवण्याच्या संचाला नाही. दुकानदार काहीही सांगो.

निवड माहितीपत्रक पाहून करू नका, बोअरचं पाणी पाहून करा. पाण्याचा जडपणा तपासून घ्या. लिटरला 200 मिलिग्रॅमच्या वर गेला तर साध्या एफपीसीच्या वाटेला जाऊ नका. त्यातल्या तांब्याच्या नळ्या जेमतेम अर्धा इंची असतात. क्षाराचा थर बसत गेला की त्या तुंबतात. ईटीसीतही क्षार साचतो, पण तो काचनळीच्या तळाशी, आणि नळी काढून धुता येते. फुटलीच तर चारशे-पाचशे रुपयांत नवी मिळते.

पाणी गोडं असेल तर एफपीसी दणकट, गारपिटीतही भरवशाचा. तिथे पत्रा नळीला कसा जोडलाय ते विचारा. सलग वेल्डिंग हवं. मध्ये फट राहिली की पत्रा तापतो आणि पाणी कोमटच राहतं. ॲल्युमिनियमचा पत्रा स्वस्त, पण तांबं जवळपास पावणेदोन पट उष्णता वाहून नेतं. वरचा काळा थरही साध्या रंगाचा नको, ब्लॅक क्रोमसारखा उष्णता धरून ठेवणारा हवा.

ईटीसी घेताना प्रत्येक नळीचं बंद टोक पाहा. ते आरशासारखं चंदेरी असतं. पांढुरकं पडलं असेल तर आतली निर्वात पोकळी गेली. ती नळी परत करा. शिवाय काही विक्रेते नळ्यांतलं पाणीही टाकीच्या मापात धरतात. 58 मिलिमीटरच्या, 1800 मिलिमीटर लांब दहा नळ्यांत सुमारे 27 लिटर मावतं, म्हणजे ‘100 लिटर’ची टाकी प्रत्यक्षात पाऊणशेचीही निघेल. खाऱ्या पाण्याला 304 स्टीलला बारीक भोकं पडतात. 316 एल किंवा आतून काचेचा मुलामा असलेली टाकी मागा.

आता गच्चीवरून न्हाणीपर्यंतची लाइन. लोक इथेच पैसे वाचवतात आणि इथेच घालवतात. पाऊण इंची सीपीव्हीसीत मीटरला सुमारे पाव लिटर पाणी राहतं. 20 मीटरची लाइन असेल तर नळ सोडल्यावर आधी पाच लिटर गार पाणी येणार. आपल्याकडे पाच लिटर वाया घालवायचे म्हणजे जिवावर येतं. अर्ध्या इंचीत ते अडीचवर येतं, पण वरच्या टाकीचा दाब कमी असल्याने धार मंदावते. म्हणून मुख्य लाइन पाऊण इंची, न्हाणीतला फाटा अर्धा इंची. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे संचच न्हाणीच्या डोक्यावर बसवणं. सीपीव्हीसी जाड भिंतीचा, म्हणजे एसडीआर 11 घ्या, पातळ 13.5 नको. उन्हातल्या भागावर उष्णतारोधक आवरण आणि त्यावर ऊन अडवणारी पट्टी हवीच. उघडा पाइप आपल्या मे महिन्यात ठिसूळ होतो. पाइप, जोड, आवरण, मजुरी मिळून 20 मीटरला पाच-सात हजार धरा.

एक खर्च कोणी सांगत नाही : गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीहून उंच लागते. ती गच्चीवर टेकलेली असेल तर स्टँडचे पैसे वेगळे. हवेची नळी गार टाकीतल्या पाण्याच्या पातळीहून वर काढा, तिला कॉक बसवू नका. संचाचं तोंड दक्षिणेला हवं. नरडाणा 21 अक्षांशावर आहे, त्यामुळे हिवाळ्यासाठी कल 35 अंशांच्या आसपास ठेवा. उन्हाळ्यात नळ्यांवर कापड टाका, आणि रिकाम्या तापलेल्या नळ्यांत भर दुपारी गार पाणी सोडू नका, काच तडकते.

दरपत्रक दोन-तीन ठिकाणचं घ्या आणि लेखी घ्या : टाकीचे निव्वळ लिटर, स्टीलचा दर्जा, पाइपचे मीटर, आवरण, स्टँड, सगळं वेगवेगळं लिहून. ‘फिटिंगसह’ एवढंच लिहिलेल्या कागदावर आगाऊ रक्कम देऊ नका.