आवाज थांबल्यानंतर

छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, असे म्हटले की कानात आवाज ऐकू येणारा, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे असे मानणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. १९५२ साली क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोविकारांवर वापरले जाऊ लागले आणि तेव्हापासून असे भास व संभ्रम पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत आटोक्यात येऊ लागले. आवाज थांबले की घरच्यांना वाटते, आता मुलगा पूर्वीसारखा होईल. परंतु तसे नेहमी घडत नाही.

असा एखादा तरुण चहा करावयास उठतो. आधण ठेवतो, तोच दाराची घंटा वाजते. परत आल्यावर साखर घातली की नाही, हे त्याला आठवत नाही. तो पुन्हा साखर घालतो. दूध काढावयाचे राहून जाते आणि आधण आटते. चहासारख्या साध्या कामातही पुढची पायरी मनात धरून ठेवावी लागते, व्यत्यय आला तरी मूळ जागी परतावे लागते. या आजारात अवधान, तात्पुरती स्मृती, विचारांची गती आणि नियोजन या शक्तीच उणावतात. बाजारात जाऊन भाजी निवडणे, सुट्टे पैसे मोजणे, योग्य बस पकडणे, ही कामे मग डोंगराएवढी होतात. पुष्कळदा ही उणीव आवाज ऐकू येण्याच्या आधीपासूनच असते. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला मात्र तेव्हा बोलणीच खावी लागतात.

दुसरा गट 'ऋण लक्षणां'चा. येथे जे असावयास हवे तेच वजा होते. बोलणे एकदोन शब्दांवर येते, चेहरा निर्विकार होतो, अंघोळ दिवसेंदिवस टळते. याविषयी संशोधकांनी एक मोलाचे निरीक्षण नोंदवले आहे. पानात जिलेबी वाढली तर ती अनेक रुग्णांना इतरांइतकीच गोड लागते. पण 'उद्या जिलेबी आणू, मजा येईल' ही ओढ मनात उमटत नाही. जी ओढ माणसाला अंथरुणातून उठवते, तीच क्षीण झालेली असते.

घरात याला आळस म्हणतात. आळशी माणूस निदान आरामाचे सुख तरी घेतो. येथे तेही नसते. शिवाय सततच्या टोचून बोलण्याने आजार उलटण्याचा धोका वाढतो.

'स्किझोफ्रेनिया' हे नाव देणारे स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या आपल्या ग्रंथात भास आणि संभ्रम यांना दुय्यम लक्षणे मानले होते. भारतात मानसिक आजारामुळे येणारे अपंगत्व मोजण्यासाठी 'आयडियाज' ही मोजपट्टी वापरतात. तिच्यात स्वतःची निगा, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम या चार बाबींना गुण दिले जातात. आजार किती काळ आहे हेही जमेस धरतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे आणि अपंगत्व ४० टक्के वा अधिक ठरल्यास प्रमाणपत्राच्या आधारे सवलती मिळू शकतात.

या लक्षणांवर सध्याची औषधे फारशी प्रभावी नाहीत. मरगळ कधीकधी औषधाच्या गुंगीमुळे किंवा नैराश्यामुळेही येते, म्हणून ती डॉक्टरांना सांगावी. औषध परस्पर बंद करू नये. पुनर्वसन केंद्रांत अवधान आणि स्मृती यांचा सराव करून घेतात. घरी एका वेळी एकच काम सांगावे, अंघोळीची वेळ ठरलेली असावी. ओट्यावरच्या भिंतीवर एक कागद चिकटवता येतो: पाणी, साखर, चहापूड, दूध, गॅस बंद.