जिम विकताय? टोकन घेण्याआधी फ्रँचायझरला विचारलंत का?

आपल्या बॅचमधल्या एकाचा मध्यंतरी फोन आला. ब्रँडेड जिमची फ्रँचायझी, पाच वर्षांचा करार, त्यातली तीन झालेली. गावातलीच एक पार्टी २२ लाख द्यायला तयार. "सर, टोकन घेतलंय, सोमवारी चावी देतो." मी विचारलं, ॲग्रीमेंटमधलं ट्रान्सफरचं कलम वाचलंस का? पलीकडे शांतता.

बघा, मशीन्स तुमच्या, इंटिरियर तुमचं, पण बोर्डावरचं नाव तुमचं नाही. ते वापरायची परवानगी फ्रँचायझरनं तुम्हाला दिलीय, तुमच्या गिऱ्हाइकाला नाही. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. सगळं चालतं करारावर आणि १८७२ च्या करार कायद्यावर. तुमच्या जागी दुसरा माणूस आणायचा तर फ्रँचायझरची संमती लागतेच.

"मग कंपनीचे शेअर्सच विकतो, करार कंपनीच्या नावावर राहील!" ही हुशारी जुनी आहे. गुजरात बॉटलिंग कंपनीचे शेअर्स पेप्सीच्या बाजूच्या लोकांकडे गेले, तेव्हा कोका कोला कोर्टात गेली. करारात मालकी बदलण्याआधी संमती घ्यायची अट होती. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं कोका कोलाला मिळालेला मनाईहुकूम कायम ठेवला. करार चालू असताना प्रतिस्पर्ध्याचा माल न बनवण्याची अटही वैध ठरली.

आता करारात साधारण काय असतं? पहिला हक्क फ्रँचायझरचा: बाहेरचा जो भाव देतोय त्याच भावात तो स्वतः जिम घेऊ शकतो. नवा माणूस पसंत पडला नाही तर नकार. ट्रान्सफर फी, ट्रेनिंग, थकबाकी चुकती. घेणाऱ्यानं एक खास बघायचं: त्याला उरलेली दोन वर्षं जुन्या रॉयल्टीनं मिळणार, की नवा करार नव्या दरानं?

जिममध्ये खरी मेख मेंबर्सची. वर्षाची फी तुम्ही आधीच घेऊन बसलात! समजा १५० मेंबर्स, सरासरी सहा महिने बाकी, महिना हजार रुपये. म्हणजे ९ लाखांची सेवा अजून द्यायचीय. मेंबर ब्रँडला ओळखतो, बोंब ब्रँडच्या नावानं मारतो. म्हणून ही जबाबदारी कोण घेणार, हे फ्रँचायझर लेखी मागतो. मागायलाच हवं.

आणि विकल्यावर शेजारी स्वतःची जिम? करार संपल्यानंतरची बंदी कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. पण गुडविल विकलं असेल तर घेणारा ठरावीक भागापुरती वाजवी बंदी घालू शकतो. त्याच कलमात तो अपवाद आहे.

तुम्ही वैयक्तिक हमी दिली असेल तर तिच्यातून मुक्त केल्याचं पत्र घ्या. नाहीतर जिम त्याची, वसुली तुमच्याकडे. जागेचा भाडेकरारही नव्यानं करावा लागेल, मालकाशी आधीच बोला.

आपल्या मित्रानं टोकनच्या पावतीवर एक ओळ वाढवून घेतली: "फ्रँचायझरची लेखी संमती न मिळाल्यास टोकन परत." मग ईमेल केला. उत्तर यायला २६ दिवस लागले. पहिला हक्क वापरणार नाही, पण ट्रान्सफर फी १ लाख, वर १८ टक्के जीएसटी, आणि दोन महिन्यांची थकलेली रॉयल्टी आधी भरा. चावी अजून त्याच्याकडेच आहे.