कुंभार्लीत वाजलेला रॉकर

उंब्रजमध्ये तारळी कृष्णेला मिळते, तिथून जवळच राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांकडे जुनी अँबेसेडर आहे. पेट्रोलची, १४८९ सीसीची. पालच्या खंडोबाला जायचं असो की पाटणवरून चिपळूणला, गाडी तीच. मध्यंतरी तिच्या टॅपेटचा आवाज वाढला. मिस्त्रींनी झाकण उघडून निदान केलं, "गुरुजी, रॉकरची बुशं गेलीत, शाफ्टलाही पायरी पडलीय."

काम एवढंच होतं. पण गुरुजींनी ॲल्युमिनियमचे रोलर रॉकर मागवले. अँबेसेडरचं हे इंजिन बीएमसीच्या 'बी सिरीज' घराण्यातलं. विलायतेतली एमजीबी ही स्पोर्ट्‌स कार त्याच घराण्यातली, त्यामुळे तिच्यासाठी निघणारा असा माल मिळतो. "रॉकर हलका, म्हणजे इंजिन मोकळं फिरणार, एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं," ते आता सांगतात.

नवे रॉकर बसवले तर वरचं झाकण टेकेना. दोन गास्केटं घालून ते बसवलं. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. जुन्या रॉकरचं गुणोत्तर १.४ च्या आसपास, नव्याचं १.५५. म्हणजे व्हॉल्व्ह सुमारे दहा टक्के जास्त उघडणार. तेवढं दबल्यावर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना भिडतात का, हे कुणी पाहिलंच नाही. चिपळूणच्या वाटेवरच्या कुंभार्ली घाटात, चढाला गाडी खडखडू लागली, मिस मारू लागली. झाकण काढलं तेव्हा एका रॉकरवर ॲडजस्टिंग स्क्रूच्या भोकापासून केसासारखी चीर निघालेली दिसली.

दोष एकट्या ॲल्युमिनियमचा नव्हता, पण त्याचा स्वभाव इथे आडवा आला. पोलादावरचा ताण ठरावीक मर्यादेच्या आत राहिला, तर तो भाग जवळजवळ कायमचा टिकतो. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नसते. प्रत्येक दणका जमेत धरला जातो. आणि दणके किती? ३००० आरपीएमला एक व्हॉल्व्ह तासाला ९०,००० वेळा उघडतो. ड्रॅग रेसवाले ॲल्युमिनियमचे रॉकर वापरतात, कारण ते वरचेवर तपासतात आणि बदलतात. चिपळूणला निघालेला माणूस तसं करत नाही.

वजनाचा हिशेबही वाटतो तितका सरळ नाही. पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट जड, तसंच तिप्पट ताठ. तेवढा ताठपणा मिळवायला ॲल्युमिनियमचा रॉकर जाडजूड करावा लागतो. शिवाय शाफ्टजवळचं वजन फारसं हलतच नाही. इंजिनाला जड जातं ते व्हॉल्व्हकडच्या टोकाचं. तिथे पोलादाचं टोक निमुळतं ठेवता येतं. ॲल्युमिनियमचंच घ्यायचं झालं, तर व्हॉल्व्हला टेकणाऱ्या टोकाला रोलर किंवा कडक पोलादी तुकडा हवाच.

गुरुजींनी शेवटी मूळ मापाचे पोलादी रॉकर घेतले. बुशं आणि शाफ्ट एकदमच बदलले, बुशाचं ऑइलचं भोक रॉकरच्या भोकासमोर आहे ना, हे टॉर्च लावून पाहिलं. जुना रॉकर उलटा धरून मिस्त्रींनी त्यांना टोकाचा खड्डा दाखवला. फिलर गेजची पट्टी त्या खड्ड्यावरून सपाट जाते, त्यामुळे गॅप बरोबर भासतो आणि टकटक मात्र चालूच राहते. गुरुजी वर्षभर टॅपेट सेट करून घेत होते, ते या खड्ड्यापायी.