तोंडातले जंतू आणि तोंडाचा कॅन्सर : मुलांच्या एका प्रश्नाचं उत्तर



परिसर अभ्यासात वैयक्तिक स्वच्छतेचा पाठ आला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. "बाई, दात घासले नाहीत तर कॅन्सर होतो का?" मोबाईलवर फिरणारे मेसेज घरात वाचले जातात आणि मुलं ते ऐकत असतात. "हो" म्हटलं तर मुलं घाबरतात आणि "नाही" म्हटलं तर अर्धी गोष्ट राहून जाते. म्हणून आज हा विषय आपण मोठ्यांनी आधी नीट समजून घेऊया.

तोंड म्हणजे एक गाव

आपल्या तोंडात जंतू असतात हे प्रथम पाहिलं नेदरलँड्समधल्या लेव्हेनहूक यांनी. ते कापडाचे व्यापारी, पण भिंगं घासण्याचा भारी नाद. १६८३ साली त्यांनी स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर त्यात चिमुकले जीव वळवळताना दिसले! गंमत म्हणजे ते रोज मिठाने दात घासत असत, तरीही.

आज माणसांच्या तोंडात जिवाणूंच्या ७०० हून अधिक जाती सापडल्या आहेत. एकाच तोंडात त्या सगळ्या नसतात. बहुतेक जिवाणू निरुपद्रवी आहेत आणि काही उपयोगीही. म्हणजे "सगळे जंतू मारून टाका" हा उपाय नाही. त्रास कधी होतो? दात नीट घासले जात नाहीत, हिरड्यांच्या कडेला थर साचतो आणि ऑक्सिजन न लागणाऱ्या त्रासदायक जिवाणूंची वस्ती वाढते तेव्हा. मग हिरड्या सुजतात, घासताना रक्त येतं, तोंडाला वास येतो.

जंतू काय करतात?

हे मुलांना समजवायला विरजण पुरेसं आहे. दोन वाट्यांत कोमट दूध घ्या. एकीत चमचाभर दही घाला, दुसरीत काही घालू नका. काही तासांनी मुलांना दाखवा. दह्यातल्या जिवाणूंनी दुधाचं दुसरंच काहीतरी केलेलं असतं. तोंडातले जिवाणूही हेच करतात. त्यांच्या पुढ्यात जे येईल त्याचं ते वेगळं काहीतरी बनवतात.

- साखरेचं ते आम्ल बनवतात. त्यामुळे दात किडतात.
- दारूतल्या अल्कोहोलचं ते अॅसिटाल्डिहाइड बनवतात. हा पदार्थ पेशींच्या डीएनएला इजा करतो. दारू पिणाऱ्यांना तोंडाच्या कॅन्सरचा धोका असतो, त्यामागचं हे एक कारण.
- नायट्रेटचं ते नायट्राइट करतात. त्यातून पुढे नायट्रोसामाइन नावाचे पदार्थ तयार होऊ शकतात. तंबाखूमधली कॅन्सर करणारी काही प्रमुख रसायनं याच कुळातली.

दुसरी गोष्ट सुजेची. हिरड्या वर्षानुवर्षं सुजलेल्या राहिल्या की तिथल्या पेशी सारख्या मरतात, सारख्या नव्या बनतात. जितक्या वेळा पेशी नव्याने बनणार, तितकी चूक होण्याची संधी जास्त. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस आणि फ्युझोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हे हिरड्यांच्या आजारातले दोन नेहमीचे जिवाणू. तोंडाच्या कॅन्सरच्या गाठींमध्येही ते जास्त प्रमाणात आढळल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

मग जंतूंमुळेच कॅन्सर होतो का?

इथे जरा थांबायचं. गुळाच्या ढेपेवर मुंगळे दिसले म्हणून मुंगळ्यांनी गूळ तयार केला असं आपण म्हणत नाही. गूळ आधी आला, मुंगळे नंतर. कॅन्सरच्या गाठीत खाचा असतात, आत ऑक्सिजन कमी असतो. अशी जागा या जिवाणूंना आवडते. त्यामुळे ते तिथे आधीपासून होते की गाठ झाल्यावर राहायला आले, हे नुसतं "सापडले" म्हणून ठरत नाही. शिवाय जो माणूस तंबाखू खातो, त्याच्या हिरड्या बहुधा खराबच असतात. मग दोष कुणाचा धरायचा?

जिवाणूमुळे कॅन्सर होतो हे सिद्ध झाल्याचं उदाहरण जगात आहे. पोटातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९४ साली कॅन्सरकारक ठरवलं. तोंडातल्या कुठल्याही जिवाणूबद्दल अजून असा निकाल लागलेला नाही. सध्या त्यांना फार तर साथीदार म्हणता येईल. मुख्य आरोपी वेगळे आहेत.

मुख्य आरोपी

तंबाखू, सुपारी आणि दारू. सुपारीबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. "तंबाखू नाही, नुसती सुपारीच आहे" असं म्हणून लहान मुलांच्याही हातावर ती ठेवली जाते. पण त्याच संस्थेने २००४ च्या अहवालात सुपारीला, तंबाखूशिवायही, कॅन्सरकारक ठरवलं आहे. सुपारीने तोंडाची आतली त्वचा ताठर होते आणि तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं. जगातल्या तोंडाच्या कॅन्सरच्या दर तीन रुग्णांपैकी साधारण एक भारतातला आहे, त्यामागे या सवयी आहेत.

आणि आपल्या घरातली मिश्री! तंबाखू भाजून केलेली ही पूड कितीतरी घरांत आजी, काकू दात "स्वच्छ" करायला लावतात. एक बोट हिरडीवर, आणि तासभर तशीच ठेवलेली. हे दात घासणं नाही, हे तंबाखू सेवन आहे. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे, ती उगीच नाही. उलटही लक्षात ठेवा, दिवसातून चार वेळा ब्रश केला तरी गुटख्याचा धोका धुऊन जात नाही.

वर्गात आणि घरी काय करायचं?

१. मुलांनी सकाळी आणि रात्री झोपताना, दोन-दोन मिनिटं दात घासायचे. हिरड्यांतून रक्त येत असेल तर घाबरू नका, तो कॅन्सर नाही. पण दंतवैद्यांना दाखवा.

२. घरातल्या मोठ्यांनी महिन्यातून एकदा आरशासमोर, चांगल्या उजेडात तोंड तपासायचं. गालांची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखाली, हिरड्या. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, दोन-तीन आठवड्यांत बरं न होणारं तोंड आलेलं, यातलं काही दिसलं तर दुखत नसलं तरी डॉक्टरांकडे जायचं. सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून तर उशीर होतो.

३. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, हे पाहायचं. जात नसतील तर तपासणी करून घ्या.

अशा साध्या तपासणीला किती किंमत आहे? केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात नुसतं तोंड डोळ्यांनी तपासण्याचा मोठा प्रयोग झाला. २००५ साली त्याचे निष्कर्ष आले. तंबाखू किंवा दारूची सवय असणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते.

४. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला कायद्याने बंदी आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या.

५. सवय सोडायला मदत हवी असेल तर १८००-११२-३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक मुलांच्या वहीत लिहून द्या.

एक विनंती. मुलांना घरी पाठवताना "आजीला सांग, मिश्री वाईट" असं सांगू नका. आजीला ते लागतं आणि मूल मध्ये अडकतं. त्यापेक्षा "आजी, तुझं तोंड बघू? आज शाळेत शिकलोय" असं म्हणायला शिकवा. नातवाला आजी नाही म्हणत नाही.

आणि वर्गातल्या त्या प्रश्नाचं उत्तर? "बाळा, दात न घासल्याने दात किडतात, हिरड्या दुखतात, म्हणून घासायचेच. कॅन्सर मुख्यतः तंबाखू, सुपारी आणि दारूने होतो, म्हणून त्यांना हातच लावायचा नाही." एवढं चौथीच्या मुलाला पुरतं. बाकीचं आपण मोठ्यांनी पाळायचं आहे.