जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी का उतरते? डायनॅमोच्या परीक्षेचा क्रम

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की डिचोली तालुक्यातील आमोणे आणि मांडवीकाठच्या इतर गावांत सरद शेतीच्या कामांना वेग येतो. चिखलणीचे दिवस मोजकेच असतात. नेमक्या अशा वेळी घरचा जुना ट्रॅक्टर सकाळी चावी फिरवूनही हूं की चूं करीत नाही. शेतकरी दोष बॅटरीवर ठेवतो, डिचोलीला जाऊन नवी बॅटरी आणतो, आणि चार-आठ दिवसांत तीही उतरते. हजारो रुपये खर्ची पडतात व मूळ बिघाड तसाच राहतो. म्हणून बॅटरी बदलण्यापूर्वी ती भरणाऱ्या यंत्रणेची परीक्षा करणे अगत्याचे आहे.

१९६३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचे बी-२७५ किंवा १९७१ पासून पिंजोर येथे तयार होऊ लागलेले एच.एम.टी. २५११ या पिढीतील ट्रॅक्टर आजही काही ठिकाणी राबताना दिसतात. एच.एम.टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. त्यामुळे सुट्या भागांसाठी धावाधाव करण्याआधी कोणता भाग खरोखर निकामी आहे हे कळलेले बरे. त्या काळच्या पुष्कळ ट्रॅक्टरांवर आजच्या अल्टरनेटरऐवजी डायनॅमो असे. पुढील विवेचन डायनॅमोसंबंधी आहे.

प्रथम डॅशबोर्डवरील तांबड्या दिव्याकडे पाहावे. चावी दिल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिनाचा वेग वाढताच विझला पाहिजे. वेग वाढवूनही दिवा जळत राहिला तर डायनॅमोकडून वीज येत नाही. चावी देऊनही दिवा मुळीच लागला नाही, तर पुष्कळ जण निश्चिंत होतात. ते चूक आहे. बल्ब गेलेला असेल, किंवा डायनॅमोतील कार्बन ब्रश कम्युटेटरला टेकत नसतील.

यानंतर इंजिन बंद करून पट्टा तपासावा. दोन पुल्यांच्या मध्यभागी अंगठ्याने दाबला असता तो साधारण अर्धा इंच दबावा; अधिक ढिला असेल तर घसरतो. बॅटरीची टोके व सांगाड्याला जोडलेली अर्थची वायर सोडवून घासून स्वच्छ करावी. केज व्हील लावून चिखलणी करताना चिखल सर्वत्र उडतो, आणि खाजन जमिनीचा चिखल खारा असल्याने तांब्याच्या जोडांवर हिरवट थर लवकर धरतो. वायर वरून धड दिसते, पण आतून वीज जात नाही. अर्ध्या तक्रारी येथेच मिटण्यासारख्या असतात.

बॅटरी पूर्ण भरलेली असताना, इंजिन बंद ठेवून, व्होल्टमीटर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवतो. इंजिन वेगात चालू असताना हाच आकडा १४ च्या आसपास चढला पाहिजे. तो चढत नसेल तर डायनॅमोची परीक्षा घ्यावी. व्होल्टमीटर घरी नसल्यास गावच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेतील चालेल, मात्र त्याची मर्यादा २० व्होल्टांहून अधिक हवी. विज्ञानाच्या शिक्षकांनाही मुलांना दाखविण्याजोगा हा प्रयोग आहे.

डायनॅमोवर ‘डी’ आणि ‘एफ’ अशी दोन टर्मिनले असतात. त्यांच्या वायरी खुणा करून सोडवाव्यात आणि दोन्ही टर्मिनले तारेच्या छोट्या तुकड्याने एकमेकांस जोडावी. व्होल्टमीटरचे एक टोक या तारेला, दुसरे डायनॅमोच्या अंगाला लावावे. इंजिन मंद गतीवर सुरू करून वेग हळूहळू वाढवावा; सैल बाह्या पंख्यापासून दूर असाव्यात. काटा सरळ चढत गेला तर डायनॅमो निर्दोष आहे. २० व्होल्टांच्या पुढे मात्र जाऊ देऊ नये. काटा हललाच नाही तर ब्रश पाहावेत. अर्धा-एक व्होल्टावर अडला तर फील्ड कॉइलचा, आणि चार-पाच व्होल्टांवर घुटमळला तर आर्मेचरचा संशय घ्यावा. कम्युटेटर काळवंडला असल्यास बारीक काचकागदाने पुसावा. एमरी कागद वापरू नये, कारण त्याचे कण खाचांत रुतून बसतात.

दीर्घकाळ पडून राहिलेल्या ट्रॅक्टरच्या बाबतीत आणखी एक शक्यता उरते. वीजनिर्मितीला चुंबकत्व लागते, हे फॅरडेने १८३१ मध्ये सिद्ध केले. डायनॅमो हे चुंबकत्व स्वतःच निर्मिलेल्या विजेतून मिळवतो. आरंभापुरता आधार असतो तो लोखंडात शिल्लक राहिलेल्या किंचित चुंबकत्वाचा. तेच नाहीसे झाले तर सर्व भाग धड असूनही वीज निर्माण होत नाही. अशा वेळी ‘एफ’ची वायर सोडवून, बॅटरीच्या सांगाड्याला न जोडलेल्या टोकापासून आणलेली तार ‘एफ’ टर्मिनलला क्षणभर स्पर्शावी. काही जुन्या इंग्रजी बनावटीच्या ट्रॅक्टरांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते, तेव्हा कोणते टोक कुठे आहे हे आधी पाहून घ्यावे.

डायनॅमो उत्तम ठरूनही बॅटरी भरत नसेल, तर दोष मधल्या वायरींत किंवा रेग्युलेटरच्या पेटीत असतो. या पेटीतील कट-आउटचे काम म्हणजे इंजिन थांबताच बॅटरी व डायनॅमो यांचा संबंध तोडणे. त्याचे पॉइंट चिकटून बसले तर बॅटरीतील वीज रातोरात डायनॅमोत वाहून जाते. उभ्या ट्रॅक्टरचा डायनॅमो इंजिन गार झाल्यावरही ऊन लागला, तर हीच खूण समजावी आणि बॅटरीची अर्थ वायर ताबडतोब काढावी. पॉइंट स्वच्छ करता येतात, परंतु स्प्रिंगचा ताण व्होल्टमीटरविना चाळवू नये. ते काम जाणत्या मेकॅनिककडेच सोपवावे.

ज्यांनी जुना डायनॅमो काढून अल्टरनेटर बसविला आहे, त्यांनी वरील टर्मिनले जोडण्याची परीक्षा करू नये, तसेच इंजिन चालू असता बॅटरीची वायर काढू नये. त्यातील डायोड क्षणात जळतात.