एलीयाची विनंती आणि आपले वृद्धजन

इ. स. २०१७ मध्यें मुंबईंतील एका वृद्ध दांपत्यानें, दुर्धर रोग नसतां, आम्हांस मरण द्यावें असा अर्ज राष्ट्रपतींकडे केला. पुढें २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें, बरें होण्याची आशा नसलेल्याचे उपचार थांबविण्यास मुभा दिली. औषध देऊन मारणें मात्र आजही गुन्हाच आहे.

मग "आतां पुरे" म्हणणाऱ्या वृद्धास आम्हीं काय उत्तर द्यावें? रतामाच्या झुडपाखालीं एलीयानेंही मरण मागितलें. देवानें त्यास दोष दिला नाहीं. प्रथम झोंप, भाकर व पाणी दिलें.

अशी मागणी पुष्कळदां नैराश्य नांवाच्या आजारांतून उठते, आणि तो आजार उपचारानें बरा होऊं शकतो. झोंप उडाली, अन्न नकोसें झालें, बोलणें खुंटलें, तर तें म्हातारपण म्हणून सोडूं नये. बंधुजनहो, अशा वृद्धास अविश्वासी म्हणूं नका. जवळ बसा, ऐका, जेवूं घाला, डॉक्टरांकडे न्या.